चौदावा होल्डर

चमच्यासाठी केला. टूथब्रशसाठी, चावीसाठी.
सिगारेटसाठीसुद्धा केला,
डॉक्टरांना सांगायचं नाही या अटीवर.
इझोबेल रेनीच्या हातांना आता
बोटं आहेत ती फक्त मोजण्यापुरती.
बावीस वर्षं डंडीत बस चालवली तिने,
लॉकी ते ब्रॉटी फेरी,
गिअर, तिकिटं, सुटी नाणी, शनिवारचे दारुडे
सगळं याच हातांनी.

तेरा झाले तेव्हा म्हणाली, आणखी एक हवाय.
आणि टाचेने पलंगाखालचा खोका पुढे सरकवला.

मी खोका उघडला. मिटला.
खिडकीबाहेर पावणेचारलाच अंधार पडला होता,
टे नदीवरचा पूल दिव्यांनी मोजता येत होता.
ती म्हणाली, चालतं ते आपलं आपण,
धरायला तेवढं कुणीतरी हवं.
आणि मला कुणी नकोय, कळलं?
मला स्टँड हवाय.

मिरजेला शिकताना
शरीराचे सगळे भाग मी इंग्रजीत पाठ केले.
मराठीत मावशीने एकाच शब्दात उरकले होते: 'तिथे'.
आता वहीत मोजमापं लिहायची तर
'तिथपासून गादीपर्यंत अंतर: एकोणीस सेंटिमीटर'
असं लिहिलं, आणि एकटीच हसले,
बसमध्ये.

पहिला प्रयत्न:
माइकच्या स्टँडची वाकणारी मान.
मोटर सुरू झाली की ती हळूहळू खाली जायची,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी.
इझोबेल इतकी हसली की ठसका लागला,
पाणी पाजावं लागलं. पेल्याचा होल्डर, क्रमांक चार.

दुसरा: भाजी चिरायचा लाकडी पाट गादीखाली,
त्याला लोखंडी शिकंजा.
हा हलला नाही, पण पलंग हलला,
आणि खालच्या मजल्यावरचे मिस्टर गेडीज
काठीने छत ठोकू लागले.

मग हार्डवेअरच्या दुकानात गेले.
कशासाठी हवंय, म्हातारा म्हणाला.
कॅमेऱ्यासाठी, मी म्हणाले.
जड आहे कॅमेरा?
साडेसातशे ग्रॅम.
थरथरतो?
हो.
त्याने चष्मा वर केला, काही बोलला नाही,
आत जाऊन रबराच्या चार जाड चकत्या घेऊन आला.
यांचे पैसे नकोत, म्हणाला,
थरथर याच खातात.

तर असा झाला तो:
कॅमेऱ्याचा दोन सांध्यांचा हात,
पलंगाच्या कठड्याला शिकंजा,
मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, चार चकत्या,
आणि पायाच्या टाचेखाली बशीएवढं लाल बटण.
बंद करायचं बटण मी चालू करायच्या बटणाहून मोठं ठेवलं.
ते तीनदा दाबून दाखवायला लावलं तिला.
तिने दाखवलं. बस थांबवायची असते तशा सवयीने
आधी आरशात बघितल्यासारखं डावीकडे बघून.

मी दार ओढून घेतलं. कोट घातला.
जिन्यात मिस्टर गेडीज भेटले, म्हणाले, थंडी फार.

गुरुवारी गेले तर केस धुतलेले,
टेबलावर शॉर्टब्रेडचा डबा उघडा.
डावीकडचा स्क्रू सैल होता, म्हणाली,
सकाळच्या पोरीकडून घट्ट करून घेतला.
तिला सांगितलं, वाचायचा दिवा आहे.
मी विचारलं, मग? लागला दिवा?
ती चहात बघत राहिली, नळीने एक घोट घेतला.
दोनदा, म्हणाली.

ऑफिसात फॉर्म भरायचा राहिलाय.
साधन: होल्डर, क्रमांक चौदा.
हेतू, या रकान्यात एवढीशी जागा आहे.
आधी 'इतर' लिहिलं, मग खोडलं.
'जेवण', 'अंघोळ', 'कपडे' या ओळींखाली
एक नवी ओळ आखली पट्टीने,
आणि तिथे,
हो, तिथे,
पेन टेकवून बसले आहे.